ओसरीवरचं ताट

जेवायला बसायच्या आधी हुल्डा वाइडनरने नेहमीप्रमाणे पहिलं ताट धाकट्या मुलाचं भरलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर दिलं. धुरावलेलं सॉसेज, बटाट्याचं सॅलड, आंबट कोबी आणि वर पावाचे दोन जाड तुकडे. बाहेर जाळीच्या ओसरीवर कर्टिस उभा होता. त्याने ताट घेतलं, "थँक्यू, आई" म्हटलं आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसला. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस बापाच्या घरात अकरा वर्षं खिडकीतून जेवत होता, आणि त्यात काही विचित्र आहे असं आता कुणाला वाटेनासं झालं होतं.

वर्लीनला मात्र ते ताट खिडकीतून जाताना पाहिलं की पहिला घास उतरत नसे. ती दोघा भावांच्या मधली. गावात तिचं केस कापायचं दुकान, त्यामुळे निम्म्या तालुक्याची डोकी आणि त्या डोक्यांच्या आतलं बरंचसं तिला ठाऊक. फक्त आपल्याच घरातल्या माणसांची डोकी तिच्या हाताखाली कधी आली नव्हती.

कर्टिसचा गुन्हा काही गुपित नव्हता. पस्तिशीत, दारूच्या भरात, त्याने शेजाऱ्याच्या लोकरीच्या मोहेर शेळ्या ट्रेलरमध्ये घातल्या आणि जंक्शन गावच्या जनावरांच्या लिलावात स्वतःच्या नावाने विकल्या. स्वतःच्या नावाने, हे विशेष. टेक्सासात माणसाला थोबाडीत मारली तर निभावून जातं, पण दुसऱ्याचं जनावर विकलं तर तो मोठा गुन्हा. दोन वर्षं आत काढून कर्टिस परत आला तेव्हा कळलं, की त्याला आता आयुष्यभर बंदुकीला हात लावायचा नाही. राज्याचा कायदा दयाळू होता. सुटून पाच वर्षं झाली की घराच्या चार भिंतींत बंदूक ठेवायला त्याची ना नव्हती. वॉशिंग्टनच्या, म्हणजे केंद्राच्या, कायद्याची मात्र सक्त ना होती, आणि हे दोन्ही कायदे एकाच घराला एकाच वेळी लागू होते. माफीसाठी वॉशिंग्टनला अर्ज करायची सोयसुद्धा होती. फक्त तो अर्ज वाचण्यासाठी सरकारने बरीच वर्षं एक पैसाही मंजूर केला नव्हता.

आणि वाइडनरांच्या बैठकीत तर पापांचं, म्हणजे वडिलांचं, बंदुकांचं कपाट. पणजोबांपासूनच्या रायफली, काचेच्या दारामागे, देव्हाऱ्यासारख्या ओळीने लावलेल्या. वकील म्हणाला होता, कपाटाला कुलूप घाला, किल्ली याच्यापासून लांब ठेवा, झालं. पण थोरला एल्रॉय वकिलापेक्षा हुशार. तो नेमबाजांच्या मंडळाचा अध्यक्ष, चर्चच्या समितीवर, आणि "कायदा म्हणजे कायदा" हे वाक्य तो जेवताना काटा उगारून म्हणत असे. त्याने नियम काढला, कर्टिसने उंबराच ओलांडायचा नाही. राहायचं मागच्या खोपटात, जेवायचं ओसरीवर. पापांना बंदुकाही हव्या होत्या आणि मुलगाही हवा होता. त्यांनी बंदुका आत ठेवल्या.

पापा वसंतात गेले. ऑक्टोबरात आई न्हाणीघरात पडली. तिची हाक कर्टिसला खोपटात ऐकू आली आणि तो अकरा वर्षांचा नियम मोडून आत धावला, तिला उचललं, दवाखान्यात नेलं. एल्रॉय दवाखान्यात आला तो हेच बोलत, "आधी मला फोन करून विचारायचं होतं, कर्टिस. आत गेलास हे कुणी पाहिलं असतं म्हणजे?"

त्या दिवशी वर्लीनने मनाशी ठरवलं होतं. आज शुक्रवार, उद्या हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस, म्हणजे सगळे घरी येणार. आज हा विषय ती टेबलावर घेणारच होती.

"एल्रॉय," ती म्हणाली, "आईला आता एकटं ठेवता यायचं नाही. कर्टिस घरात राहायला येईल."

"येऊ दे की," एल्रॉय म्हणाला. "माझी कुठे ना आहे? पण कपाट—"

"कपाट तू घेऊन जा."

एल्रॉयने सॉसेज कापायचं थांबवलं. वर्लीनला वाटलं होतं, आता याचा चेहरा खुलेल. पापांना दफनाला न्यायच्या आधी या माणसाने कपाटाकडे बोट दाखवून "थोरल्याचा मान" असं दोनदा म्हटलं होतं. पापांची आवडती मॉझर रायफल त्याने शवपेटीपाशी उभं राहून मागितली होती.

"एवढी काय घाई आहे," एल्रॉय म्हणाला.

"घाई? अरे, तूच तर जीव टाकत होतास त्यांच्यावर!"

"जागा कुठे आहे आमच्याकडे? माझी बंदुकांची तिजोरी भरलेली आहे."

"तुझी तिजोरी रिकामी आहे," आई बटाटे वाढत म्हणाली. "जुलैत तू तुझ्या सगळ्या बंदुका इथे आणून ठेवल्यास. पापांच्या आठवणीत सगळ्या एकत्र राहू देत, म्हणालास. मी रडले होते तेव्हा."

"तेच तर. एकत्र राहू देत ना."

"मग तुझ्याकडे एकत्र राहू देत," वर्लीन म्हणाली.

"आमच्याकडे दमट आहे. नळीला गंज धरतो."

"या दुष्काळात?"

"शिवाय नातवंडं येतात."

"नातवंडं ह्यूस्टनला असतात, एल्रॉय. नाताळला येतात आणि फोनमधून डोकंसुद्धा वर काढत नाहीत."

"आणि माझा गुडघा बघ ना. एवढं जड उचलायचं म्हणजे..." एल्रॉयने डावा गुडघा चोळला. जूनपासून तो दर सोमवारी या गुडघ्याच्या उपचारांसाठी सॅन अँटोनियोला जात असे. वर्लीनच्या लक्षात आलं, की पापांच्या अंत्यविधीसारखं गंभीर तोंड करून हा जो गुडघा चोळतोय, तो गेल्या महिन्यात उजवा होता.

तिने वहिनीकडे पाहिलं. पॅट्सी ताटातल्या कोबीची रांग लावत होती. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक खोटं बोलायला लागलं की मान ताठ होते, आणि कात्री चालवताना ते हाताला कळतं. पॅट्सीची मान या क्षणी इतकी ताठ होती की वर्लीनला तिच्या आधाराने सरळ रेषेत केस कापता आले असते.

"पॅट्सी," आई म्हणाली, "याचा गुडघा दुखतो तर तू घेऊन जा ग. तुझ्या गाडीत राहतील."

"नको नको, आई!" पॅट्सी दचकून म्हणाली. "घरात एक काडतूससुद्धा नको म्हणून सांगितलंय त्या साहेबांनी. परवा तर त्यांनी मोज्यांचा खणसुद्धा उघडून—"

ती थांबली. फार उशिरा थांबली.

"कुठल्या साहेबांनी?" वर्लीनने विचारलं.

खिडकीच्या जाळीपलीकडून, सॉसेज चावत, कर्टिसचा आवाज आला.

"सोमवारचा प्रोबेशनवाला साहेब असेल. मी सुटल्यावर गुरुवारी हजेरीला जायचो. तेव्हा गावात सांगायचो, दाताच्या डॉक्टरकडे चाललोय. दोन वर्षांत माझे इतके दात काढून झाले की लोक तोंडाकडे बघून मोजायला लागले."

"तू तुझं जेव!" एल्रॉय ओरडला.

"जेवतोय की."

"एल्रॉय," आई म्हणाली. तिने हातातला चमचा खाली ठेवला. "काय केलंस?"

सांगायला पॅट्सीनेच सुरुवात केली, कारण तिला ते पाच महिने पोटात ठेवून अल्सर व्हायची वेळ आली होती. पीचच्या बागेचा पीकविमा. गारपिटीत सगळी बाग गेली असं एल्रॉयने सरकारी कागदावर लिहून दिलं आणि सही केली. गारा पडल्या होत्या हे खरं. बाग मात्र त्याने त्याच्या आधीच्या हिवाळ्यात बुलडोझर लावून काढून टाकली होती, आणि त्या बुलडोझरवाल्याने पुढे कुणाच्या तरी दारू पिण्याच्या बैठकीत हा विनोद म्हणून सांगितला. जूनमध्ये सॅन अँटोनियोच्या कोर्टात एल्रॉयने गुन्हा कबूल केला. न्यायाधीशाने तुरुंग टाळून प्रोबेशन, म्हणजे साहेबाच्या देखरेखीखाली घरी राहणं, दिलं. पण गुन्हा तो मोठाच, वॉशिंग्टनच्या वहीतला.

"कागदाचा मामला होता तो," एल्रॉय म्हणाला. त्याचा चेहरा कोबीसारखा पांढुरका झाला होता, पण आवाज अजून समितीवरचाच होता. "कुणाचं काही चोरलं नाही मी. कर्टिसची गोष्ट वेगळी. त्याने चोरी केली होती."

"खरंय," ओसरीवरून कर्टिस म्हणाला. "पण एल्रॉय, माझ्या शेळ्या निदान होत्या तरी."

आईच्या तोंडातून एक आवाज निघाला. वर्लीनला वाटलं ती रडली, म्हणून तिने पाहिलं तर आई हसू दाबत होती. मग ते हसू विझलं आणि आई खरंच रडवेली झाली. वर्लीनला मात्र हसूही येईना आणि रडूही. तिच्या डोक्यात जुलै महिना घोळायला लागला होता.

"थांबा," ती म्हणाली. "म्हणजे साहेब तुझ्या घराची झडती घेणार म्हणून तू तुझ्या बंदुका इथे आणल्यास. या घरात, जिथे कर्टिस राहतो."

"ओसरीवर राहतो," एल्रॉय म्हणाला.

"आणि कुणी इथे चौकशीला आलं असतं तर? या बंदुका कुणाच्या म्हणून सांगितलं असतंस?"

"कोण येणार होतं इथे? आई एक म्हातारी बाई, आणि कर्टिस तर काय—" पॅट्सी बोलून गेली. आज तिची जीभ कुणाच्याच बाजूची नव्हती. "एल्रॉय म्हणाला, त्याच्यावर संशय आला तरी नवीन असं काय होणार आहे."

एवढा राग वर्लीनला कित्येक वर्षांत आला नव्हता. दुसऱ्यांदा पकडलेल्या माणसाला या कायद्यात दहा-दहा वर्षं आत घालतात, हे तिला गिऱ्हाइकांच्या मुलांवरून ठाऊक होतं. सख्ख्या भावाने सख्ख्या भावाच्या डोक्यावर ते टांगून ठेवलं होतं, आणि वर रोज विचारत होता, उंबरा ओलांडलास का म्हणून. तिने खिडकीकडे पाहिलं. कर्टिस ताटाकडे बघत होता. त्याने काटा खाली ठेवला होता.

"तुला माहीत होतं, कर्टिस?"

"गुडघा माहीत होता," तो म्हणाला. "सोमवारी सकाळी नेमाने कुणाचा गुडघा दुखत नाही. बंदुकांचं माहीत नव्हतं. मी काही आत येऊन बघत नाही ना."

एल्रॉय आता उठला. गुडघा अगदी ठणठणीत होता. "मी काय करायला हवं होतं?" तो म्हणाला. "बंदुका विकायच्या? गावात चार लोक विचारतील ना, एल्रॉय वाइडनर बंदुका का विकतोय? या घराण्याचं नाव आहे काही! पणजोबांपासून प्रत्येक पिढीत मेळ्यातली नेमबाजी जिंकून नेमबाजांचा राजा झालाय या घरात!"

हे तो उघड्या दारातून बैठकीच्या ज्या भिंतीकडे हात करून म्हणाला, तिच्यावर कपाटाच्या बरोबर वर एक फोटो होता. सोन्याची चौकट, आईला भेट म्हणून त्याने स्वतःच आणून स्वतःच ठोकलेली. फोटोत एल्रॉय. छातीवर मागच्या साऱ्या राजांच्या पदकांचा पट्टा, डोक्यावर पिसाची टोपी, हातात नेमबाजीची लांब रायफल. खाली लिहिलेलं, 'ऑगस्ट मेळ्याचा राजा'.

वर्लीन फोटोपाशी गेली.

"जूनमध्ये कोर्ट," ती म्हणाली, "आणि ऑगस्टमध्ये राजा?"

एल्रॉयने खाली पाहिलं.

"मेळ्याला तीस वर्षं जातोय मी," तो म्हणाला. "अध्यक्षच नेम धरायला उभा राहिला नाही तर लोक काय म्हणाले असते?"

"बरं, उभा राहिलास. मग जिंकलास कशाला, शहाण्या?" आई म्हणाली. "एक गोळी बाजूला मारता आली नाही तुला? राजा झालं की फोटो निघतो हे काय तुला माहीत नव्हतं?"

एल्रॉयने आईकडे असं पाहिलं, जणू तिने त्याला भर चर्चमध्ये कपडे उतरवायला सांगितलंय.

"बाजूला?" तो म्हणाला. "आई, सगळे बघत होते."

सगळे बघत होते. तोच तर मुद्दा होता. हाच फोटो गावच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर आला होता, आणि बँकेच्या दारात अजून लावलेला होता. बंदुकीला हात लावू नको म्हणून न्यायाधीशाने बजावलेला माणूस बंदूक घेऊन हसत उभा, खाली नाव, गाव, तारीख. पोलिसांना एरवी एवढ्या पुराव्यासाठी केवढी धावपळ करावी लागते. वाइडनरांनी तो सोन्याच्या चौकटीत घालून दिला होता. पॅट्सीने फोटो खाली उतरवला आणि तो कुठे ठेवावा हे न कळून ओव्हनच्या बाजूला उभी राहिली.

"ओव्हनमध्ये नको," आई म्हणाली. "आत गोडाचा कॉबलर आहे."

मग हुल्डा वाइडनरने एप्रनच्या खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि वर्लीनच्या हातात ठेवली.

"मी?" वर्लीन म्हणाली. "अगं, माझं दुकान आणि वर एक खोली. कुठे ठेवू?"

"पलंगाखाली ठेव. केस धुवायच्या बेसिनखाली ठेव. या घरात शिक्षा न झालेलं माझं एकच लेकरू उरलंय, दुसऱ्या कुणाला देऊ?"

वर्लीनला बंदुका आवडत नव्हत्या. लहानपणी दोघा भावांना नेम शिकवताना पापांनी तिला रिकामी काडतुसं वेचायला बसवलं होतं, तेव्हापासून नाही. पण किल्ली हातात आली तशी तिने बाह्या सरसावल्या.

दुपारभर दोघी बायका बंदुका वाहत होत्या, कपाटातून वर्लीनच्या गाडीत. दोघे भाऊ ओसरीवर उभे. एकाला मदत करता येत नव्हती, दुसऱ्याला करायची परवानगी नव्हती, आणि दोन्हींचं कारण एकच होतं. एल्रॉयला राहवत नव्हतं.

"नळी खाली नको! पॅट्सी, अगं दुर्बीण आपटेल! ती मॉझर आहे, फावडं नाही!"

"बोट दाखवू नकोस," वर्लीन जाता जाता म्हणाली. "कोण जाणे, त्यालाही ताबा म्हणत असतील."

शेवटी भिंतीवर एकच राहिली. पणजोबांची, तोंडातून दारू ठासायची जुनी बंदूक, शंभर वर्षांत कुणी न उडवलेली.

"ती राहू दे," एल्रॉय घाईघाईने म्हणाला. "तोंडाने भरायची जुनी बंदूक कायद्यात धरत नाहीत. ती मला ठेवता येते. मी चौकशी केलीय."

"आम्हालाही येते मग," कर्टिस म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "पाच वर्षांपूर्वी मी पापांकडे तीच मागितली होती. हरणाला जायला. तू म्हणालास, बंदूक ती बंदूक. वकिलालासुद्धा विचारू दिलं नाहीस."

एल्रॉयने तोंड उघडलं. पहिल्यांदाच त्यातून कायदा बाहेर पडला नाही.

"ती भिंतीवरच राहील," आई म्हणाली. "भिंत या घराची आहे, आणि घरात आता कर्टिस राहणार आहे. चल रे, आत ये."

कर्टिस दारापर्यंत आला आणि थांबला. त्याने पायपुसण्यावर बूट पुसले. मग परत पुसले. वर्लीनला ते बघवेना. ती टेबलाशी जाऊन उगीच खुर्च्या नीट करत राहिली. तो आत आला तेव्हा त्याला कुठे बसावं ते कळेना. पापांची खुर्ची टाळून तो कडेच्या स्टुलावर टेकला, आणि आईने त्याला दंडाला धरून उठवलं आणि खुर्चीवर बसवलं.

त्याच्या मागोमाग एल्रॉयने दाराला हात लावला.

"तू थांब तिथेच," आई म्हणाली.

"अगं, बंदुका गेल्या ना आता!"

"बंदुका गेल्या. नियम कुठे गेलाय? तूच केलेला आहेस, आणि मी अकरा वर्षं पाळला. पापांचं ऐकून पाळला, तुझं ऐकून पाळला, एकदाही तोंड उघडलं नाही, त्याची लाज मला मरेपर्यंत राहील. आजचा एक दिवस तू पाळ."

"आई, मी थोरला—"

"बस, एल्रॉय."

पॅट्सी नवऱ्याबरोबर बाहेर जाईल असं वर्लीनला वाटलं होतं. पॅट्सी खुर्ची ओढून टेबलाशी बसली आणि तिने स्वतःला चहा ओतून घेतला.

आईने ओव्हनमधून पीचचा कॉबलर काढला. पीच दुकानातले होते, आता दुसरे कुठून येणार. तिने पहिलं ताट भरलं आणि उठणार, तोच कर्टिसने ते तिच्या हातून घेतलं. तो खिडकीशी गेला. आतल्या बाजूने त्या खिडकीशी उभा राहायची त्याची ही अकरा वर्षांतली पहिलीच वेळ होती. त्याने जाळी सरकवली.

"दोन्ही हातांनी धर," तो एल्रॉयला म्हणाला. "खालून तापलंय."

एल्रॉयने ताट धरलं आणि टेबलाकडे वळला.

"आणि डावीकडच्या खुर्चीत बस," कर्टिस म्हणाला. "उजवीकडे बसलं की आतलं बोलणं ऐकू येत नाही."